सुट्टी चौदा दिवसांची, मित्रांचा शनिवार-रविवार एकच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मंजूर झालाय, कासारवडवलीचं बिऱ्हाड आवरून टोरांटोला जायचंय. तुमच्या शाळेतल्या मैत्रिणी-मित्र नौपाडा-पाचपाखाडीत, तर मिस्टरांचा कॉलेजचा कंपू नेरूळ-सीवूड्सला. दर वर्षी येऊन सगळ्यांना भेटायचं असं ग्रुपवर जाहीरही करून झालंय. ते जमतं का, किती दिवस लागतात आणि निघण्याआधी काय करून ठेवावं, हे तुम्हाला हवंय.

आधी ते ‘दर वर्षी’ मागे घ्या. ऑन्टॅरिओत कायद्याने मिळणारी किमान पगारी रजा वर्षाला दोन आठवडे, तीही नोकरीचे बारा महिने भरल्यावर. तीन आठवडे मिळायला त्याच कंपनीत पाच वर्षं काढावी लागतात. बऱ्याच कंपन्या याहून जास्त देतात, पण नव्या माणसाने दोन धरूनच चालावं. शिवाय पीआर कार्ड तुमच्या कॅनडातल्या पत्त्यावर पोस्टाने येतं आणि परतीच्या विमानात चढताना तेच दाखवावं लागतं. कार्ड यायच्या आत एखाद्या लग्नासाठी ठाण्याला आलात, तर परत जायला भारतातून वेगळा प्रवास-दस्तऐवज काढावा लागतो आणि तो हाती पडेपर्यंत रजा संपते. म्हणजे पहिली फेरी सव्वा-दीड वर्षाने. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या फेऱ्यांनी काही बिघडत नाही. नागरिकत्वाला मात्र पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात आणि ठाण्यात काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. पुढेमागे नागरिकत्व घेतलंत तर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, काढायचं. तिकडे जन्मलेल्या मुलाला तर पहिल्या फेरीपासूनच व्हिसा किंवा ओसीआय लागेल.

आता दिवसांचा हिशेब. इथेच जवळजवळ सगळे फसतात.

दोन आठवडे म्हणजे कामाच्या दहा दिवसांची रजा म्हटली की माणूस शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघतो. एक थांबा, वर घड्याळाचे साडेदहा तास (उन्हाळ्यात साडेनऊ), म्हणजे ठाण्याला पोचायला रविवारची पहाट. परतताना सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून दुसऱ्या शनिवारी रात्री निघायचं. हातात चौदा दिवस आले, बरे वाटतात. पण मित्रांच्या बाजूने मोजा. पहिला रविवार झोपेत, शेवटचा शनिवार बॅगांचं वजन करण्यात. मधला एकच शनिवार-रविवार धड उरतो, आणि तोच नेमका मावशी, आत्या, साखरपुडा आणि कुलदैवत यांनाही हवा असतो.

त्याऐवजी बुधवारी संध्याकाळी निघा. शुक्रवारी पहाटे घरी. परतीला पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी रात्री विमान, म्हणजे बुधवारी टोरांटो आणि गुरुवारी काम. रजा तितकीच, दहा दिवस. ठाण्यातले दिवस चौदाचे बारा होतात, पण पूर्ण शनिवार-रविवार एकाऐवजी दोन मिळतात. जे नोकरी करतात, ज्यांची मुलं शाळेत आहेत, त्यांना भेटायचं असेल तर बारा दिवसांची ही फेरी चौदांच्या फेरीपेक्षा कितीतरी मोठी. तिकिटाची तारीख स्वस्त-महाग बघून पुढेमागे करण्याआधी हे गणित कागदावर मांडा.

महिना कोणता? मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला. नाताळच्या गर्दीची तिकिटं उतरलेली असतात, ठाण्यात हवा बरी असते आणि मुलांच्या परीक्षांना अवकाश असतो. त्यातून संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. तुमच्या मैत्रिणींपैकी एकीने घरी ठेवलं की आठ-दहा जणी एका संध्याकाळी भेटतात, वेगळं आमंत्रण-हॉल काही लागत नाही. तुमची मुलं तिकडच्या शाळेत जायला लागली की पंचाईत सुरू होते. तिथली मार्चमधली आठवड्याची सुट्टी इथल्या वार्षिक आणि दहावीच्या परीक्षांवर येते. ज्यांच्या घरी दहावी आहे ते मित्र तुमच्यासाठी घराबाहेर पडणार नाहीत, आणि पडूही नये. मे महिन्यात निम्मे गावाला. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना तिकडे मोठी सुट्टी असते, पण इकडे पाऊस आणि तिकिटं महाग. गणपतीत यायचं तर आधी यादी करा: कोकणात जाणारे किती आणि ज्यांच्या ठाण्यातल्या घरी गणपती बसतो ते किती. दुसरे जास्त असतील तर जरूर या, कारण दर्शनाला जायला निमंत्रण लागत नाही. एका संध्याकाळी तीन घरं होतात आणि प्रत्येक घरी मोदक. दिवाळीच्या पहिल्या पहाटे राममारुती रोड आणि तलावपाळीवर निम्मी शाळा न बोलावता दिसेल, पण त्या गर्दीत आणि डीजेत ‘कशी आहेस’च्या पुढे बोलणं जात नाही. तारीख ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय बघा. श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, पितृपक्ष, कुणाची संकष्टी. मटणाचा बेत ठरवून निम्मे जण साबुदाणा खात बसले की यजमान ओशाळतो.

निघण्याआधी करायच्या गोष्टींत पहिली तुमचा मोबाइल नंबर. मित्रांच्या फोनमध्ये तुम्ही त्या दहा आकड्यांनी आहात. पोस्टपेड असेल तर प्रीपेड करून घ्या, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा आणि सिम दोन सिमच्या फोनमध्ये ठेवा, ड्रॉवरमध्ये नको. नव्वद दिवस काहीच वापर नाही आणि बॅलन्स वीस रुपयांच्याही खाली, असं झालं की नंबर बंद होऊ शकतो. काही महिन्यांनी तो दुसऱ्याला दिला जातो आणि तुमच्या मैत्रिणीला तुमच्या नावापुढे कुण्या अनोळखी काकांचा फोटो दिसू लागतो. व्हॅलिडिटीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दर वेळी टाका.

दुसरी बँक. तुम्ही अनिवासी झालात की नेहमीचं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्यायचं, आणि तिकडच्या कमाईचे पैसे इकडे ठेवायचे असतील तर एनआरई खातं उघडायचं. मित्रभेटीशी याचा संबंध काय? यूपीआय. ठाण्यात वडापावच्या गाडीपासून रिक्षापर्यंत सगळं त्यावर चालतं आणि परदेशी कार्ड दाखवलं की गाडीवाला तुमच्या तोंडाकडे बघतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२३ मध्ये कॅनडासह काही देशांच्या मोबाइल नंबरवरून एनआरई-एनआरओ खातं यूपीआयला जोडायची मुभा दिली, पण तुमची बँक ती सोय देते का हे शाखेत विचारूनच निघा. अ‍ॅप बरेच महिने उघडलं नाही तर आयडी बंद पडतो, म्हणून येण्याच्या आठवडाभर आधी टोरांटोतूनच एखाद्या मैत्रिणीला रुपयाभर पाठवून बघा. हे राहिलं तर पहिल्याच मिसळीचं बिल मित्र भरतो, दुसऱ्याचंही तोच, आणि तिसऱ्या दिवशी ते तुम्हालाच खुपायला लागतं.

तिसरी, हातउसने. मित्रामित्रांत दिलेले-घेतलेले पैसे, भिशीचे उरलेले हप्ते, एकत्र घेतलेला प्लॉट, मित्राच्या कर्जाला तुम्ही दिलेला जामीन, हे सगळं जाण्याआधी मिटवा किंवा निदान लिहून ठेवा. पतपेढी जामीनदाराला गाठायला आली की तुम्ही सात समुद्रापलीकडे आणि मित्राची मान खाली. त्यातच स्कूटर येते. ‘तू वापर रे’ म्हणून किल्ली देऊन जाऊ नका. गाडी तुमच्या नावावर, विमा संपलेला, पीयूसी संपलेली आणि चालवणारा मित्र, अशा अवस्थेत अपघात झाला तर पोलीस आणि कोर्ट मालकाला शोधतात. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून द्या, मग भेट म्हणून दिलीत तरी चालेल.

पुढे तिकडून कुणा मित्राला अडीअडचणीला पैसे पाठवावेसे वाटतील. एवढं लक्षात ठेवा की आयकराच्या दृष्टीने भाऊ-बहीण नातेवाईक, मित्र नाही. नात्याबाहेरच्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेल्या, तर घेणाऱ्याला सगळ्या रकमेवर कर लागतो, नुसत्या वरच्यावर नाही. उसने दिले असतील तर तसं दोन ओळींत लिहून बँकेतूनच द्या.

आता भेटी जुळवायच्या कशा.

ग्रुपवर ‘१५ तारखेला येतेय, भेटूया’ टाकलं की चौदा अंगठे येतात, तीन बदाम येतात, आणि तारीख ठरत नाही. प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी ठरवेल. म्हणून दोन महिने आधी ग्रुपमधल्या एकाच माणसाला फोन करा, जो सहलीचा हिशेब ठेवायचा तोच. त्याच्याशी बोलून दिवस, वेळ, जागा पक्की करूनच ग्रुपवर टाका. दोन दिवस आधी आठवण. मोठी भेट एकच ठेवा, तीही पहिल्या रविवारी सकाळी आठला. पहिले तीन-चार दिवस तुम्हाला दुपारी दोननंतर डोळे उघडे ठेवता येणार नाहीत आणि पहाटे तीनला टक्क जाग येईल. रात्रीची पार्टी ठेवलीत तर साडेनऊला तुमचीच मान डुलेल. सकाळी मामलेदारची मिसळ घ्या, पण कमी तिखट सांगा. दीड वर्षात पोट मऊ झालेलं असतं आणि पहिल्याच दिवशी तर्री ओरपणाऱ्याचे पुढचे दोन दिवस ओआरएस पिण्यात जातात.

मोठी भेट सुरुवातीला ठेवायचं कारण असं की बारा जण तीन तास भेटले तरी कुणाशीच धड बोलणं होत नाही. पण त्या टेबलावरच कळतं, कुणाचं काय चाललंय आणि कुणाकडे एकट्याने जायला हवं. पुढचे नऊ दिवस त्यासाठी आहेत. आणि हो, पोचल्या पोचल्या विमानतळाचा फोटो स्टेटसला टाकू नका. ज्यांना अजून फोन केला नाही त्यांना तुम्ही आल्याचं स्टेटसवरून कळतं आणि तो रुसवा पुढच्या फेरीपर्यंत टिकतो.

आठवड्यातल्या संध्याकाळी काय होतं ते नीट बघा. बीकेसीत काम करणारा मित्र आठ पन्नासला ठाण्याला उतरतो. जिन्यातून आणि पुलावरून बाहेर पडेपर्यंत पाच-सात मिनिटं. तलावपाळीला तुमच्या बाकापाशी येतो तेव्हा सव्वानऊ, पाठीला सॅक, हातात अर्धी संपलेली पाण्याची बाटली. बसतो, हसतो, पहिला चहा संपतो आणि पावणेदहाला घरून फोन, ‘जेवायला थांबलोय.’ तो घोडबंदर रोडला राहत असेल तर पुढे मानपाडा-पातलीपाड्याची रांग आहेच. त्याला अर्ध्या तासासाठी असं ओढू नका. त्याच्या घरी जेवायलाच जा. बायकोला दोन दिवस आधी विचारून जा, आणि तुम्ही सुट्टीवर आहात म्हणून साडेसातलाच पोचून मुलांशी खेळत बसा. तो येईल तेव्हा तुम्ही त्याच्या घरात असाल.

ऐरोली, घणसोली, महापे पट्ट्यातल्या आयटीवाल्यांना दुपारी गाठायचं. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलला दुपारी बसायला मिळतं. ठाण्याहून ऐरोली दहा-पंधरा मिनिटं, वाशी अर्धा तास. ऑफिसच्या गेटातून आत सोडत नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर भेटा. मिस्टरांच्या कंपूसाठी सोपं म्हणजे शनिवारी सकाळी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर चक्कर, हिवाळ्यात फ्लेमिंगोही असतात, आणि मग कुणाच्या तरी घरी नाश्ता. रविवारी ठाणे-वाशी करणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघा. मध्य रेल्वेचा ब्लॉक कधी मुख्य मार्गावर, कधी हार्बर-ट्रान्स-हार्बरवर. न बघता निघालेला माणूस कळव्याच्या पुलावर रिक्षात अडकलेला सापडतो.

विमानतळावर घ्यायला कोण येणार यावरून मित्रांत चढाओढ लागते. शुक्रवारी पहाटेचं विमान असेल तर स्पष्ट नाही म्हणा, त्यांना त्याच दिवशी ऑफिस आहे. मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलहून पहाटे जोगेश्वरी-विक्रोळी मार्गाने ठाणे पाऊण तासात येतं, संध्याकाळी त्यालाच दोन तास लागू शकतात. दिल्लीमार्गे येणार असाल तर तिकिटावरची अक्षरं वाचा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ. नेरूळला उतरायचं असेल तर दुसरा बरा. ठाण्याच्या माणसाने चुकून तो घेतला तर पहाटे उलव्याहून घरापर्यंतची टॅक्सी महागात पडेल.

एक गोष्ट मात्र मोठ्या भेटीच्याही आधी करायची. तुमच्या गैरहजेरीत ज्यांच्या घरी कुणी वारलं, त्या घरांची यादी आईकडून घ्या आणि पहिल्या दोन दिवसांत तिथे जाऊन या. फोन तेव्हा केला असला तरी जा. मिठाई, चॉकलेट, भेटवस्तू काही न्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. अशा घरी आठव्या दिवशी, बाकी सगळीकडे पार्ट्या झाल्यावर गेलेलं मित्राच्या लक्षात राहतं.

भेटवस्तूंचं थोडक्यात. मेपल सिरप आणणार असाल तर दोन झिपच्या पिशव्यांत घालून चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या वर काढून घेतील. तिकडून कॉफी मेकर, हेअर ड्रायर आणू नका, तिथली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची, पहिल्याच दिवशी जळेल. दारू मोठ्या माणसामागे दोन लिटर, ती इथल्या विमानतळावर उतरल्यावर ड्यूटी-फ्रीतच घ्या, मधल्या थांब्यावर सुरक्षा तपासणीत जप्त होण्याची भीती नाही. परत जाताना उरलेले रुपये २५,००० पर्यंतच नेता येतात. मित्रांच्या आयांनी दिलेल्या लोणच्या-पिठांच्या पुड्या कॅनडात उतरताना कस्टम्सला जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड आहे. मटणाचं लोणचं मात्र इथेच खाऊन जा.

बिल कोण देणार हा प्रश्न दर वेळी येतो. मोठ्या भेटीचं तुम्ही द्या, आधीच काउंटरवर. घरच्या जेवणांना फळं आणि मुलांसाठी पुस्तक न्या. बाकी ठिकाणी ते देत असतील तर देऊ द्या, प्रत्येक वेळी पाकीट काढणारा पाहुणा मित्रांना आवडत नाही. डॉलरचे रुपये करून मोठ्याने बोलू नका. ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्यही पहिल्या फेरीत निदान मनातच ठेवा. ट्रॅफिक त्यांना रोज दिसतो.

शेवटचा मंगळवार कुणालाच देऊ नका. कुणी भेटायचं राहिलं असेल तर त्याला सोमवारीच गाठा किंवा पुढच्या फेरीत पहिला नंबर त्याचा, असं त्याला सांगूनच निघा. आणि परतल्यावर रविवारची तुमची सकाळ मोकळी ठेवा. टोरांटोत सकाळचे नऊ म्हणजे ठाण्यात संध्याकाळचे साडेसात, मंडळी घरी असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ तासाने पुढे जातं, तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तोच फोन इथे साडेसहाला वाजेल. हे एकदा त्यांनाही सांगून ठेवा.